आडवा गेलेला विचार

माझं अंग एका जागी बसतं, डोकं बसत नाही. मेथी निवडायला घेतली की डोकं मेथीवरून मामाच्या शेतात जातं, शेतावरून विहिरीवर, विहिरीवरून तिच्यात बुडालेल्या आमच्या कळशीवर, आणि तिथून एकदम ‘अगं बाई, मोरीतला नळ चालूच राहिला!’ इथे येऊन आदळतं. मग हातातली जुडी टाकून मी धावते. नळ बहुतेक वेळा बंदच असतो. आई म्हणायची, लोकांच्या पायाला भिंगरी असते, आमच्या पोरीच्या डोक्याला आहे. मला त्याचा राग यायचा, कारण ते खरं होतं.

अशा डोक्याची इंग्रजीत एवढी बडदास्त ठेवलेली असेल याची मला कल्पना नव्हती. एम.ए. झाल्यावर मी जळगावात इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती आणि तेव्हा जळगावात कुठलाही जिना चढलं की वर क्लास सापडायचा. आमचा सायकलच्या दुकानावर होता. खाली ट्यूबमधली हवा सोडली की वर कुणाचं तरी वाक्य तुटायचं. इंग्रजीत एम.ए. झालेल्या मुलीने बोलायचा क्लास लावावा यात जरा लाजच होती, पण आमच्या एम.ए.त इंग्रजी वाचायची होती, बोलायची नव्हती. इंग्रजी कवितेवरची चर्चासुद्धा आम्ही मराठीत करायचो आणि परीक्षेत पाठ केलेलं उतरवायचो.

क्लासचे सर रेल्वेतून निवृत्त झालेले, बूट कायम चकचकीत. त्यांचा नियम असा की रोज फळ्यावर पाच वाक्प्रयोग लिहायचे, आणि त्या तासाला डोक्यात जो विचार येईल तो प्रत्येकाने तिथल्या तिथे उभं राहून त्यांपैकी एकात बसवून सांगायचा. आपला खराच विचार हवा, पुस्तकातला चालणार नाही. एक अख्खा आठवडा त्यांनी फळ्यावर फक्त अचानक सुचण्याचे आणि आठवण्याचे वाक्प्रयोग लिहिले. त्या आठवड्यात मी वर्गात सर्वांत जास्त वेळा उभी राहिले.

इट क्रॉस्ड माय माइंड. म्हणजे मन हा रस्ता आणि विचार आडवा गेला. आमच्याकडे आडवं जातं ते मांजर, आणि मग माणूस दोन मिनिटं थांबतो. इंग्रज बहुधा थांबत नसावा. इट स्ट्रक मी. विचाराने येऊन फटकाच मारला. इट रिंग्ज अ बेल. नाव ऐकलं, आत कुठेतरी घंटा वाजली, पण कसली ते कळत नाही. द पेनी ड्रॉप्ड, म्हणजे नाणं पडलं, हे समजावताना सरांनी भुसावळ स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनचा दाखला दिला. नाणं टाकायचं, आत खुळखुळ होते, दिवे फिरतात, आणि काहीच होत नाही. आपण मशीनला थापट मारतो, नाद सोडून पुढे निघतो, तेवढ्यात मागे खटकन तिकीट पडतं. काही गोष्टी अशा उशिरा कळतात, सर म्हणाले.

मला सर्वांत आवडला तो इट स्लिप्ड माय माइंड. इंग्रज माणूस ‘मी विसरलो’ म्हणत नाही, ‘ते माझ्या मनातून घसरलं’ म्हणतो. म्हणजे तो बिचारा मन घट्ट धरून उभा, वस्तूच गुळगुळीत निघाली. त्याच संध्याकाळी माझ्या हातून वरण करपलं आणि मी आईला हे ज्ञान दिलं. आई म्हणाली, मग त्या इंग्रजाला म्हणावं पातेलं घासायला ये.

आपल्याकडे असं काही नाही असंही नाही. आपल्याला सुचतं, चमकून जातं, काळजात चर्र होतं, मनात शंकेची पाल चुकचुकते. सरांना मी पालीचं इंग्रजी विचारलं. ते बुटांकडे बघत म्हणाले, ‘इंग्लिशमध्ये पाल नाही. घंटा आहे.’ मला वाईट वाटलं. घंटा कुणीतरी मुद्दाम वाजवतं. पाल आपली आपण बोलते, आणि कुठल्या कोपऱ्यातून बोलली तेही सापडत नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, ते भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते. आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतून नोकरीला लागलेल्या पहिल्या दोघातिघांतले एक. मॅट्रिकला बाकी सगळे विषय सुटले होते, इंग्रजीत राहिले. आपल्या मुलीने इंग्रजी शिकवावी, नुसती शिकावी नाही तर फळ्यापुढे उभं राहून शिकवावी, हे त्यांनी मी चौथीत असतानाच ठरवून टाकलं होतं. त्यांच्या डोक्यात विचार माझ्यासारखे उड्या मारत नसत. एक आला की ठाण मांडून बसायचा.

धुळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीची जागा निघाली आणि मला पाठ घेऊन दाखवायला बोलावलं. आधीच्या दोन मुलाखती हातच्या गेल्या होत्या. आत्या एक स्थळ घेऊन येऊन गेली होती, मुलगा चांगला होता, पण त्यांना सून घरात हवी होती. नानांनी आत्याला एवढंच सांगितलं होतं की धुळ्याचं काय ते कळू दे, मग बोलू. धुळ्याची जागा गेली की मुलाकडचे बघायला येणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. पाठाचा विषय मी निवडायचा होता. मी हाच निवडला, डोक्यात अचानक येणाऱ्या गोष्टी आणि त्यांचं इंग्रजी. ह्या विषयात माझ्याइतका अनुभव धुळे-जळगावात दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नव्हतं.

आता कुलपाचं सांगते. आम्ही राहायचो त्या वीज केंद्राच्या कॉलनीत क्वार्टर्सच्या ओळींमध्ये एक रीत होती. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन झोपला की घराला बाहेरून कुलूप लावायचं. नाहीतर भंगारवाला, भिशीच्या बायका, चेंडू मागायला आलेली पोरं, सगळे कडी वाजवत बसतात. कुलूप दिसलं की माणसं मुकाट परत जातात. किल्ली शेजारी द्यायची. झोपलेला माणूस जागा झाला की मधल्या भिंतीवर ठोकायचा आणि शेजारीण येऊन दार उघडायची. नव्याने राहायला आलेल्या बायकांना हे बघून धक्का बसायचा. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. आमच्या कुलपाची दुसरी किल्ली कधीच हरवलेली होती, त्यामुळे जी एक होती ती शेजारच्या अक्कांकडे जायची.

त्या दिवशी आई घरात नव्हती. मावशीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी शिरपूरकडे गेली होती. नाना पाळीवरून आले तेव्हा मी साडी नेसून तयार होते. आठवड्यापूर्वी त्यांना कामावर चक्कर आली होती आणि डॉक्टरांनी बीपीची गोळी चालू केली होती. मी त्यांना चहा-भाकरी दिली, दुपारची गोळी जेवणाच्या डब्यावर ठेवली आणि ती विसरायची नाही हे दोनदा सांगितलं.

‘मले नको सांगू,’ नाना म्हणाले. ‘तू तुझे कागद पाह्य.’

ते आडवे झाले. मी कुलूप लावलं. अक्का पिठाच्या गिरणीवर गेल्या होत्या, म्हटलं जाता जाता तिथेच किल्ली देऊ, म्हणून ती पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. कोपऱ्यावर समोरच्या ओळीतल्या काकूंनी दही-साखर हातावर ठेवण्यासाठी थांबवलं. तेवढ्यात हायवेवर एसटी दिसली आणि मी निऱ्या धरून पळत सुटले. गिरणी डाव्या हाताला राहून गेली.

म्हणजे काय झालं ते तुम्हाला आता कळलेलं आहे. मला कळलं नव्हतं.

भुसावळला मी धुळ्याची गाडी धरली, खिडकी मिळाली, फाईल मांडीवर घेतली आणि पाठाची उजळणी सुरू केली. नशिराबादपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. नशिराबादला गाडी थांबली, काही माणसं चढली-उतरली, आणि गाडी सुटता सुटता माझ्या मनात पाल चुकचुकली. काहीतरी राहिलं. काय ते कळेना. मी फाईल उघडून सर्टिफिकेटं पाहिली, सगळी होती. इस्त्रीची वायर काढली होती. स्टोव्ह विझवला होता, मोरीतला नळ तर तीनदा बंद केला होता. नानांची गोळी डब्यावर होती. मग काय राहिलं? जळगाव आलं, गेलं. मी चपलेतून पाय काढत होते, घालत होते. शेजारच्या बाईंनी दोनदा माझ्या पायाकडे पाहिलं आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.

काहीतरी विसरलंय हे माहीत असणं आणि काय ते माहीत नसणं, यासारखा छळ नाही. नुसतं विसरलेला माणूस सुखी असतो. एरंडोलपर्यंत मी माझ्या डोक्याला चुचकारून पाहिलं, दुर्लक्ष करून पाहिलं, मग चक्क शिव्या दिल्या. एरवी नको तेव्हा नळाची आठवण करून देणारं हे डोकं आज कामाच्या वेळी गप्प! पारोळ्याच्या पुढे मी स्वतःची समजूत घातली की ही नुसती पाठाची धास्ती आहे. ती समजूत मला पटली नाही, पण धुळं आलं.

कॉलेजात बाहेरच्या बाकावर आणखी उमेदवार बसले होते, सगळे माझ्याहून शांत. माझा नंबर आला तेव्हा शिपायाने अकरावीच्या एका वर्गाचं कुलूप काढलं, ते उघडंच कडीत अडकवून ठेवलं आणि मुलांना आत सोडलं. मागच्या बाकावर प्राचार्य, इंग्रजीच्या एक ज्येष्ठ बाई आणि संस्थेचे एक सदस्य बसले. मी फळ्यावर तारीख घातली आणि सुरुवात केली.

पाठ फार चांगला चालला होता. हे मी आजही सांगते आणि त्यात मला संकोच वाटत नाही. मी मुलांना मांजर आडवं गेल्याचं सांगितलं, वजनाच्या मशीनचं सांगितलं, मालगाडीचे डबे मागे सुटले तर इंजिन कसं एकटंच पुढे जातं ते सांगून ट्रेन ऑफ थॉट समजावलं. मुलं हसत होती आणि हसता हसता इंग्रजी बोलत होती. बाई मान हलवत होत्या. संस्थेचे सदस्य आधी घड्याळाकडे बघत होते, ते आता फळ्याकडे बघायला लागले. मला कळत होतं की ही जागा माझी होत चालली आहे, आणि मला नानांचा चेहरा दिसायला लागला, मी घरी जाऊन सांगेन तेव्हाचा.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, पण विचार असा खरंच येऊन मारतो का?’

‘मारतो की,’ मी म्हणाले आणि उदाहरण शोधायला इकडेतिकडे पाहिलं. दाराच्या कडीत ते उघडं कुलूप लोंबत होतं. पंधरा-वीस मिनिटं ते माझ्यासमोरच होतं. नाणं केव्हाच पडलेलं होतं, तिकीट आत्ता पडलं.

‘इट जस्ट स्ट्रक मी,’ मी म्हणाले, ‘दॅट आय हॅव लॉक्ड माय फादर इन द हाउस.’

सगळा वर्ग हसला. बाईंनी हसत काहीतरी लिहून घेतलं. प्राचार्य म्हणाले, ‘व्हेरी गुड! लाइव्ह एक्झाम्पल!’

‘सर, खरंच,’ मी मराठीत म्हणाले. त्यावर मुलं आणखी हसली. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं अस्खलित इंग्रजी बोलले होते आणि कुणी त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. शेवटी मी टेबलावरची पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून किल्ली काढली आणि वर धरली. तेव्हा हसू हळूहळू थांबलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. बाई उठून जवळ आल्या. त्यांना माझी कीव आली होती आणि माझा पाठही आवडला होता, दोन्ही दिसत होतं. ‘शेजारी माणसं आहेत ना?’ त्या म्हणाल्या. ‘थोडाच वेळ राहिलाय. पाठ पुरा करा आणि मग जा.’ सदस्य म्हणाले, ‘बाहेर उमेदवार थांबलेत. पाठ परत घेता येणार नाही, तेवढं बघा.’ ते काही वाईट बोलत नव्हते. नियम होता तो सांगत होते.

मी खडू हातात धरून उभी होते. पाठ पुरा करायला दहा मिनिटं लागली असती. आज कुणी मला विचारलं तर मीही म्हणेन, दहा मिनिटांनी काय होणार होतं? एसटीला तीन-चार तास लागायचेच. पण त्या वेळी माझ्या डोक्यात फळ्यावरचं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. नाना दारामागे पडलेत, गोळी डब्यावर तशीच आहे, अक्का भिंतीपलीकडून विचारतायत आणि कुणी उत्तर देत नाही, एवढंच चित्र होतं, आणि ते हलेना. उड्या मारणारं माझं डोकं आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसलं ते असं. मी खडू टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले.

प्राचार्यांनी चांगुलपणाने ऑफिसातला फोन वापरा म्हणून सांगितलं. फोनच्या डायलला इवलंसं कुलूप होतं, आणि त्याची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते हेडक्लार्क जेवायला गेले होते. मी मोठ्याने हसले असते तर मला वेड लागलं असं शिपायाला वाटलं असतं, म्हणून नुसती रडले. स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून वीज केंद्राचा नंबर फिरवला तर सारखा एंगेज. बूथवाला म्हणाला, थोडं थांबा, लागेल. थांबणं हे माझ्याच्याने होणारं काम नव्हतं. भुसावळची गाडी फलाटाला लागली होती, मी तिच्यात चढले.

परतीच्या वाटेवर प्रत्येक थांब्याला मी ड्रायव्हरकडे असं बघत होते की त्याने चहा प्यायला उतरूच नये. तो उतरायचा. पारोळ्याला एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काय व्हयनं बेटी? घर उघडं ऱ्हायनं का?’

‘नाही आजी. बंद राहिलं.’

‘मंग बरं शे ना,’ म्हातारी म्हणाली आणि निवांत डोळे मिटून घेतले. मला तिचा भयंकर राग आला. मग मी किल्ली मुठीत धरली आणि दीपनगर येईपर्यंत सोडली नाही. किल्लीचे दात तळव्यात उमटले होते.

हायवेवर उतरले तेव्हा ऊन उतरलं होतं. चपला हातात घेऊन मी धावत आमच्या ओळीत आले. घराचं दार सताड उघडं होतं. कडीकोयंडा जागच्या जागी होता, कुलूप तेवढं तुटून खिडकीत पडलं होतं. नाना ओट्यावर बसून अक्कांच्या चाळणीला तार ओवत होते. अंगात धुतलेला बनियन, केस विंचरलेले. मला एकदम त्यांना मारावंसं वाटलं.

त्यांनी मान वर केली. मला बघून त्यांना आनंद झाला नाही. त्यांचा चेहरा उतरला.

‘एवढ्या लवकर कशी काय आली तू?’

‘किल्ली…’ मी मूठ उघडून दाखवली.

‘ते माहीत आहे. पाठ झाला का?’

‘अर्धा झाला.’

‘अर्धा म्हणजे?’

‘मधेच आठवलं. सोडून आले.’

नानांनी चाळणी खाली ठेवली आणि आत निघून गेले. काय घडलं ते मला अक्कांनी सांगितलं. नाना दुपारी उठले, भिंतीवर ठोकलं. अक्का आल्या, कुलूप पाहिलं, किल्ली कुणाकडेच नाही हे दोघांच्या लक्षात आलं. मागच्या ओळीतल्या फिटरला हाक मारली, त्याने हातोडीचा एक ठोका दिला. नाना बाहेर येऊन जेवले, गोळी घेतली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. मग अक्का म्हणाल्या की पोरगी तिकडे काळजी करत बसेल, ऑफिसात जाऊन कॉलेजला फोन करू आणि कळवून टाकू.

‘तर तुझा बाप काय म्हणाला माहीत आहे?’ अक्का म्हणाल्या. ‘म्हणे फोन अजिबात नको. ती इसरली असन तर आपुनच तिले आठवून देऊ. दुपारपासून मले उंबऱ्याच्या बाहेर पडू दिलं नाही. म्हटलं भाऊ, चाळणी तरी दुरुस्त करा.’

मी आत गेले. नाना पाठमोरे उभे होते. ते ओरडले तेव्हा मी दचकले, कारण ते कधी ओरडत नसत.

‘काहून आली तू? मी काय लहान लेकरू व्हतो? कुलूप तोडता येते माणसाले!’

‘चक्कर आली असती तर?’

‘आली असती तर आली असती! तू काय तठून धरणार व्हती मले?’

‘आणि काही झालं असतं म्हणजे मी पाठ घेत बसायचं होतं?’ मीही ओरडले. ‘तेच पाहिजे होतं का तुम्हाला?’

‘हो!’ नाना म्हणाले. ‘तेच पाहिजे व्हतं.’

मी रडले ती दुःखाने नाही, रागाने. माझ्यावर राग, त्यांच्यावर राग, सकाळी कोपऱ्यावर दही-साखर घेऊन उभ्या राहिलेल्या काकूंवरसुद्धा राग. पाठ किती छान चालला होता हे मला त्यांना सांगायचं होतं आणि आता ते सांगणं म्हणजे जखमेवर मीठ होतं, म्हणून तेही गिळलं. धुळ्याची जागा गेली हे दोघांनाही कळलं होतं. (पुढे तसं पत्रही आलं. बाईंनी त्याखाली पेनाने दोन चांगल्या ओळी लिहिल्या होत्या, पण जागा दुसऱ्याला मिळाली.) महिन्याभरात मुलाकडचे बघायला यायचे ते येणारच होते. मी स्वयंपाकाला लागले. त्यांनी लसूण सोलून दिला. 

रात्रपाळीची वेळ झाली. मी डबा भरून दिला. नानांनी बूट घातले, सायकल ओट्यावरून खाली उतरवली आणि तिचं हँडल धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं, काहीतरी राहिलं असेल.

‘एक विचारू का?’ ते म्हणाले. आवाज खाली आला होता. ‘पाठ घेताना तुले उचकी लागली व्हती का?’

मला आधी समजलंच नाही. कुणी आठवण काढली की उचकी लागते, ह्या गोष्टीला नानांनी कधी भीक घातली नव्हती. आईला उचकी लागली आणि ती माहेरच्या एकेकाचं नाव घ्यायला लागली की ते तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि म्हणायचे, हे याचं औषध, बाकी सगळं थोतांड.

‘नाही लागली,’ मी म्हणाले.

‘खरं सांग.’

‘खरंच नाही लागली, नाना.’

त्यांनी मान हलवली. जरा बरं वाटल्यासारखी. मग पेडलवर पाय ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘दिवसभर तुझं नाव मनात येऊ दिलं नाही मी. एक डाव आलं व्हतं, लगेच उठलो आन् माठ घासून काढला.’